राजीनाम्यावर सही करू नकोस

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

सांवेर रोडवरचा तुमचा बोल्टचा कारखाना बंद होणार, हे तुझ्या आईकडून कळलंच होतं. तुमच्याकडे नुसती सळई ज्या भावात पडते, त्या भावात चीनचा तयार बोल्ट बाजारात येतो म्हणतोस, तेव्हा मालक तरी किती दिवस तग धरणार? आयातीमुळे काम गेलेल्यांना मदत देणाऱ्या अमेरिकेतल्या कायद्याबद्दल लिहून तू विचारलंस, आपल्याकडे असं का नाही? केनेडींच्या काळात, 1962 साली, तो झाला. कामगारांनी अर्ज करायचा, सरकारने चौकशी करायची, आयातच कारण ठरली तर नवं काम शिकण्याचा खर्च आणि शिकेपर्यंत भत्ता. पण मुदत वाढवली नाही म्हणून 1 जुलै 2022 पासून तिथेही नवे अर्ज तपासणं थांबलं. तेव्हा हेवा करू नकोस.

आपल्याकडे चीनमुळे बुडालात की मालकाच्या भाच्यामुळे, याच्याशी मदतीचा फारसा संबंध नाही. सारं एकाच प्रश्नावर अडतं: तू काम सोडलंस, की तुझं काम गेलं?

हे मला कसं ठाऊक, ते सांगतो. मी एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात होतो. बंद व्हायच्या आठवड्यात साहेबांनी छापील अर्जांचा गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवला. 'घरगुती कारणास्तव मी स्वेच्छेने राजीनामा देत आहे', खाली तारखेची जागा कोरी. मी एकेकाला आत बोलावत होतो, शाईचं पॅड पुढे सरकवत होतो, आणि 'हिशेब लवकर होईल' असं सांगत होतो. एका वेल्डरने विचारलं, "बाबू, घरी तर काही झालं नाही, मग कारण घरगुती कसं?" मी म्हटलं, "अरे, तसाच छापून आलाय." त्याने अंगठा उठवला. पुढे तो नुकसानभरपाई मागायला गेला, तेव्हा त्याच्यापुढे तोच कागद ठेवला गेला.

तुझा हिशेब मी करून पाहिला. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 18,000, नोकरी नऊ वर्षं. कारखाना बंद झाला तर दर वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, म्हणजे साधारण 81,000. ग्रॅच्युइटी वेगळी, तिथे महिना सव्वीस दिवसांचा धरतात, म्हणून ती 93,000 च्या वर जाते. ग्रॅच्युइटी राजीनामा दिलास तरी मिळेल, भरपाई मात्र बुडेल. शिवाय ईएसआयची, म्हणजे कामगार राज्य विम्याची, अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे, काम गेलेल्याला नव्वद दिवसांपर्यंत निम्मा पगार. तीही स्वेच्छेने नोकरी सोडणाऱ्याला नाही. तिची मुदत सरकार वाढवत वाढवत नेतं, म्हणून सध्या चालू आहे का ते आधी ईएसआयच्या कचेरीत विचार.

आता मालक दुसरा डाव टाकेल. 'आयातीपुढे आमचा इलाज नव्हता', असं म्हणून भरपाई तीन महिन्यांच्या पगारावर, म्हणजे 54,000 वर आणू पाहील. आवाक्याबाहेरच्या कारणाने कारखाना बंद झाला तर कायदा तशी सूट देतो. पण त्याच कलमात स्पष्टीकरण आहे: नुसता तोटा, पैशाची अडचण किंवा न खपलेला माल साठणं, ही आवाक्याबाहेरची कारणं नाहीत. चीनचा बोल्ट स्वस्त म्हणून तुमचा पडून राहिला, हे त्याचंच रूप आहे, असं माझं मत. नोव्हेंबर 2025 पासून नव्या श्रमसंहिता, म्हणजे नवे कामगार कायदे, लागू झाले, तरी हा मुद्दा तसाच राहिला. तुम्ही पन्नासांहून जास्त आहात, म्हणजे बंद करण्याआधी साठ दिवसांची नोटीस सरकारला द्यायलाच हवी. ती दिली आहे का, एवढं आधी विचारा, आणि एकट्याने नाही, दहाजण मिळून. राज्याच्या श्रमायुक्तांची कचेरी आपल्या इंदूरातच आहे, भोपाळला जायला नको.

पुनर्कौशल्य निधीतून पंधरा दिवसांचा पगार मिळतो असं ऐकशील, पण तो छाटणी झालेल्यांसाठी, म्हणजे चालू कारखान्यातून कमी केलेल्यांसाठी आहे, कारखाना बंद झाला तर नाही. त्यावर भिस्त ठेवू नकोस.

आणि उशीर किती होऊ शकतो, हे आपल्या इंदूरच्या हुकुमचंद कापड मिलवाल्यांना विचार. मिल बंद पडल्यावर तीस वर्षांहून अधिक काळाने, 2023 च्या डिसेंबरात त्यांच्या थकबाकीचा 224 कोटींचा धनादेश निघाला. तोवर किती जण नंदानगरच्या कामगार वस्तीतून थेट स्मशानात गेले. म्हणून जे पहिल्या महिन्यात हाती येतं, ते पहिल्याच महिन्यात मागायचं.

रविवारी सकाळी ये. पगाराच्या स्लिपा, ईएसआयचं कार्ड, नियुक्तिपत्र, जे सापडेल ते पिशवीत घाल. नियुक्तिपत्र नसेल तर हजेरी कार्डाचा फोटो आत्ताच काढून ठेव, कारखान्याला कुलूप लागलं की ते मिळणार नाही. आणि तोवर कुणी बोलावून कागद पुढे केला, तर चष्मा घरी राहिला म्हण.

तुझा काका