बाजारातली वांगी-टोमॅटो जीएम असतात का? ‘नॉन-जीएमओ’ लिहिलेली महाग भाजी घ्यावी का?

तुम्ही ऐरोलीत राहता, घरात लहान मूल आहे असं लिहिलंय, म्हणून उत्तर आधीच देऊन टाकतो. नसतात. जीएम म्हणजे प्रयोगशाळेत जनुकं बदललेलं. भारतात शेतात लावायची मोकळीक असलेलं जीएम पीक एकच, बीटी कापूस (बीटी म्हणजे अळी मारणारं प्रथिन झाडातच तयार होतं), तेही २००२ पासून. बीटी वांग्याला २००९ साली केंद्राच्या समितीने हिरवा कंदील दाखवला होता, पण ९ फेब्रुवारी २०१० ला तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी ते थांबवलं, ते थांबलेलंच आहे. जीएम मोहरीचं प्रकरण सुप्रीम कोर्टात अडकलंय. तेव्हा वांग्यावर ‘नॉन-जीएमओ’ लिहून दुप्पट पैसे घेणं म्हणजे केळ्यावर ‘बोनलेस’ लिहिण्यासारखं आहे.

आता मी एवढा का तापलो, ते सांगतो. आमचे साडू ठाण्यात घोडबंदर रोडला राहतात. त्यांच्या सोसायटीच्या गेटपाशी रविवारी ऑरगॅनिकचा स्टॉल लागतो. आम्ही जेवायला गेलो होतो, ते मला कौतुकाने तिथे घेऊन गेले आणि चारचौघांत म्हणाले, “तुमच्या लोकांनी बीटी लावून जमिनीची वाट लावली.” तुमच्या लोकांनी म्हणजे माझ्या बाबांनी. यवतमाळ जिल्ह्यात आमची पऱ्हाटी, म्हणजे कापूस आहे.

साडूंच्या हातात देशी गाईच्या दुधाची काचेची बाटली होती. मी स्टॉलवरच्या पोराला विचारलं, गाईला काय घालता? तो अभिमानाने म्हणाला, “सरकी पेंड, सर. एकदम बेस्ट.” देशातला नव्वद टक्क्यांहून जास्त कापूस बीटी आहे. सरकी त्याचीच, पेंडही त्याचीच. साडू म्हणाले, “तो विषय वेगळा.” संध्याकाळी चहाबरोबर त्यांनी जे फरसाण पुढे केलं, त्याच्या पाकिटावर बारीक अक्षरांत सरकीचं तेल लिहिलेलं होतं. बायकोने डोळे वटारले म्हणून गप्प बसलो.

बीटीने जमीन मारली नाही. पहिली वर्षं हिरवी बोंडअळी खरोखर आटोक्यात आली, फवारे कमी झाले, हे बाबांच्या तोंडून ऐकलंय. घोळ झाला तो गुलाबी बोंडअळीने, तिच्यावर बीटी चालेनासं झालं. ती वरून दिसत नाही. बोंड हिरवंगार, टणक. फोडलं की एक पाकळी तपकिरी, चिकटलेली, आणि सरकीत शिरून बसलेली अळी. २०१७ ला हे घरोघर झालं, आणि त्याच हंगामात यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली. बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम साधी, बिगर-बीटी सरकी यायची. ती बांधाकडेने लावायची, म्हणजे तिच्यावर जगलेल्या साध्या अळ्यांमुळे प्रतिकारक अळ्यांचीच वीण वाढत नाही. कोणी लावली? बाबा म्हणाले, “आपल्याच हातानं अळी पोसू का?” वर फरदड घ्यायची, हंगाम संपला तरी पीक शेतात ठेवून आणखी वेचण्या करायच्या, म्हणजे अळीला उन्हाळ्यापर्यंत जेवण तयार. कंपन्यांनी विकून हात झटकले, कृषी खात्याने पत्रकं वाटली. बीटीचं पुढचं वाण परवानगीत अडकल्यावर लोक तेच विनापरवाना, म्हणजे चोर बीटी, घेऊ लागले. त्याचं बिल नाही, उगवलं नाही तर तक्रार कुठे करणार? २०१९ ला अकोटकडे शेतकरी संघटनेने ते उघडपणे लावून सत्याग्रह केला, तो उगाच नाही. शहरात बसून बंदीच्या सह्या गोळा करणाऱ्यांनी आधी एखादं बोंड फोडून बघावं.

हं, काही गोष्टी राहिल्या. हरियाणात २०१९ ला चोरून लावलेलं बीटी वांगं सापडलं होतं, त्यामुळे ‘नसतात’ला तेवढा अपवाद धरा. आयात सोयाबीन तेलही बहुधा जीएमचंच, पण रिफाइंड तेलात प्रथिन जवळपास उरतच नाही. आणि बीटीचं प्रथिन अळीच्या आतड्यात जे करतं, ते आपल्या पोटात करत नाही, तिथे ते पचून जातं. बियाण्यावर कंपन्यांची मक्तेदारी हा आक्षेप मात्र मला पटतो, फक्त तो बाळाच्या ताटाशी जोडू नका.

भाजीबद्दल विचारायचंच तर जीएमचं नको. फवारणी कशाची केली आणि तोडणीच्या किती दिवस आधी, ते विचारा. स्टॉलवाल्याला नीट सांगता आलं तर दुप्पट पैसे द्यायलाही हरकत नाही. आमच्या साडूंनी अजून विचारलेलं नाही.