क्रोमचे प्रायोगिक फ्लॅग: ‘डिफॉल्ट’ म्हणजे बंद नव्हे

गावातल्या सेवा केंद्राच्या 4 जीबी रॅमच्या जुन्या संगणकावर, एका व्हिडिओत पाहून, वेग वाढावा म्हणून तुम्ही क्रोमचे सात फ्लॅग, म्हणजे अजून प्रयोगात असलेल्या सोयींची बटणे, एकदम चालू केले. तेव्हापासून पडदा मधूनच काळा होतो, आणि मागच्या अपडेटनंतर त्यांपैकी एक फ्लॅग यादीतूनच गेला. यातले काय ठेवावे आणि गेलेला फ्लॅग परत कसा आणावा, असा तुमचा प्रश्न आहे. यवतमाळकडच्या एका खेड्यात मी असेच केंद्र बरीच वर्षे चालवत आलो आहे, त्यामुळे भाऊ, हा सगळा घोळ माझ्याकडूनही एकदा होऊन गेला आहे.

काळ्या पडद्याबाबत माझा पहिला संशय ‘ओव्हरराइड सॉफ्टवेअर रेंडरिंग लिस्ट’ या फ्लॅगवर आहे. काही जुन्या ग्राफिक्स ड्रायव्हरांमध्ये, म्हणजे पडद्यावरचे चित्र काढणारी चिप चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, दोष असल्याचे ठाऊक असल्यामुळे क्रोम त्यांची एक यादी बाळगतो आणि अशा संगणकावर ग्राफिक्स चिपकडून करून घ्यायचे काम मुद्दाम प्रोसेसरकडे देतो. हा फ्लॅग ती यादी धुडकावून लावतो. म्हणजे तुमचा संगणक त्या यादीत असेल, तर ज्या दोषापासून क्रोम तुम्हाला वाचवत होता तोच दोष तुम्ही हाताने ओढवून घेतला आहे. आणि यादीत नसेल, तर या फ्लॅगने काहीच फरक पडत नाही. दोन्ही बाजूंनी तो ठेवण्यात अर्थ नाही. ‘पॅरलल डाउनलोडिंग’चेही तसेच आहे. तो एकच फाइल अनेक जोडण्यांतून तुकड्यातुकड्याने उतरवतो. समोरचा सर्व्हर प्रत्येक जोडणीला वेगाची मर्यादा घालत असेल, तर त्याचा उपयोग होतो, पण आपल्याकडे मुळात टॉवरवरून येणारी रेंजच अपुरी असते, आणि विहिरीला पाणी नसताना मोटारी वाढवून भागत नाही.

‘डिफॉल्ट’ या शब्दावर मात्र थोडे थांबावे लागेल, कारण बहुतेकांची फसगत तिथेच होते. फ्लॅगपुढे डिफॉल्ट, एनेबल्ड आणि डिसेबल्ड असे तीन पर्याय दिसतात, आणि डिफॉल्ट म्हणजे बंद असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात त्याचा अर्थ ‘निर्णय क्रोमवर सोडला’ एवढाच आहे. एखादी नवी सोय आधी थोड्याच लोकांकडे चालू करून पाहण्याची गूगलची पद्धत आहे आणि ती निवड सर्व्हरवरून होते; म्हणून एकाच आवृत्तीचे दोन संगणक शेजारी ठेवले, दोन्हींवर एकही फ्लॅग बदललेला नसला, तरी ते वेगळे वागू शकतात. खरोखर बंद करायचे असेल, तर डिसेबल्डच निवडावे लागते.

गेलेल्या फ्लॅगचे उत्तर सोपे आहे. बहुतेक फ्लॅगना कोणत्या आवृत्तीपर्यंत राहायचे याची मुदत लावलेली असते. ती संपली की सोय एकतर कायमची आत घेतली जाते किंवा काढून टाकली जाते. ‘टेम्पररिली अनएक्स्पायर’ नावाच्या फ्लॅगने नुकतेच मुदत संपलेले फ्लॅग एक-दोन आवृत्त्यांपुरते परत दिसू शकतात, पण त्यावर कामाची घडी बसवू नये. तुमच्याकडे विंडोज 7 असेल, तर वेगळी गोष्ट आहे: त्यावर क्रोम 109 च्या पुढे जातच नाही, त्यामुळे आजच्या व्हिडिओतले फ्लॅग तुम्हाला सापडणारच नाहीत.

माझी फजिती पीक विम्याच्या अर्जांच्या दिवसांत झाली. रात्री डोळे दुखतात म्हणून मी सगळ्या पानांना काळी पार्श्वभूमी देणारा फ्लॅग चालू केला आणि विसरलो. सकाळी सातबारा प्लॅस्टिकच्या पिशवीत घेऊन सहा जण बाकावर बसलेले, आणि कॅप्चाच्या चौकटीत काहीच दिसेना. अक्षरे काळी आणि मागची पारदर्शक जागाही आता काळी. तासभर मी संकेतस्थळालाच दोष देत होतो. तेच पान मोबाइलवर उघडले तेव्हा उलगडा झाला.

तेव्हापासून मी फ्लॅग एका वेळी एकच बदलतो आणि तारीख, आवृत्ती व फ्लॅगचे नाव वहीत लिहितो. नवे बियाणे आपण आधी धुऱ्याकडच्या दोन ओळींत लावून पाहतो, तसे करायचे तर प्रयोगासाठी क्रोम बीटा, म्हणजे क्रोमची चाचणीची आवृत्ती, वेगळा बसवावा. नवीन प्रोफाइल काढून भागत नाही, कारण विंडोजवर फ्लॅग सगळ्या प्रोफाइलना मिळून एकच असतात. फायरफॉक्समध्ये मात्र अबाउट-कॉन्फिग या आतल्या सेटिंगच्या पानावरचे बदल ज्या त्या प्रोफाइलपुरते राहतात.

आता तुमच्या संगणकावर फ्लॅगच्या पानावरचे ‘रीसेट ऑल’ दाबून क्रोम पुन्हा सुरू करा. एखाद्या फ्लॅगमुळे क्रोम उघडतच नसेल, तर ‘लोकल स्टेट’ ही फाइल उडवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो कृपया मानू नका. फ्लॅग त्याच फाइलमध्ये असतात हे खरे, पण विंडोजवर जतन केलेले पासवर्ड उलगडण्याची किल्लीही तिच्यातच असते, आणि ती गेली की ते पासवर्ड गेले. त्याऐवजी क्रोमच्या शॉर्टकटच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘टार्गेट’च्या चौकटीत, शेवटच्या अवतरण चिन्हानंतर एक जागा सोडून, दोन आडव्या रेघा आणि त्यांना लागून ‘नो-एक्सपेरिमेंट्स’ हे इंग्रजी अक्षरांत लिहा. त्याने फ्लॅग बाजूला ठेवून क्रोम उघडतो आणि मग आत जाऊन रीसेट करता येते. त्याआधी टास्क मॅनेजरमधून क्रोम पूर्ण बंद करा, नाहीतर मागे चालू असलेला क्रोमच नवी खिडकी उघडून देतो आणि तुम्ही लिहिलेले वाचलेच जात नाही. शिवाय त्या रेघा हातानेच टाइप करा. वर्डमधून उचलून चिकटवल्या, तर दोन छोट्या रेघांची एक लांब रेघ झालेली असू शकते, आणि ती क्रोमला कळत नाही.