८० ते १०० च्या दरम्यान गाडी थरथरते, गॅरेजवाले ड्राइव्ह शाफ्ट बदला म्हणतात. बदलू का?

एवढ्यात शाफ्टला, म्हणजे इंजिनची ताकद चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याला, हात लावू देऊ नका. तुम्ही लिहिलंय की साताऱ्याहून पुण्याला जाताना ८० ला थरथर सुरू होते, १०० ओलांडले की गाडी शांत होते, आणि अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) दोनदा करून झालं. दोनदा कशाला केलं? अलाइनमेंट बिघडलं तर गाडी एका बाजूला ओढते, टायर कडेनं झिजतं. थरथर त्यानं सहसा येत नाही. पण आपल्याकडं गाडीला काहीही झालं की आधी अलाइनमेंटला लावायची. स्क्रीनवर तांबड्याचे हिरवे आकडे झाले की गिऱ्हाइकाला पैसे वसूल झाल्यासारखं वाटतं.

मी जरा तावातावानं लिहितोय. त्याला कारण आमचे दाजी.

मी कुपवाड एमआयडीसीत पंपाचे इंपेलर, म्हणजे पाणी ढकलणाऱ्या फिरत्या चकत्या, बॅलन्स करतो. दाजी कराडकडचे, ऊसवाले. गाडी डिझायर, चौदा इंची स्टीलच्या रिमा. मागच्या गळीत हंगामात त्यांच्या गाडीला तुमच्यासारखीच थरथर सुरू झाली. पेठ नाक्यावरून हायवेला लागलं आणि ८५ झाले की सुरू. त्यांनी अलाइनमेंट केलं, पुढच्या दोन चाकांचं बॅलन्सिंग केलं. फरक नाही. मग गॅरेजवाल्यानं चिठ्ठीवर यादी लिहून दिली आणि दोन्ही लोअर आर्म, बुश, टाय रॉड एंड असं पुढच्या चाकांच्या जोडणीचं सगळं नवं पडलं. थरथर होती तिथंच. आणि मग आक्काच्या वास्तुशांतीला, भर पंगतीत, हे मला म्हणतात, "पाव्हणं, तुमचं कारखान्यातलं बॅलन्सिंग येगळं आन् गाडीचं येगळं. हितं नुसतं शिसाचं तुकडं ठोकून पैसं काढत्यात."

माझ्या घासाची चवच गेली. येगळं कसं? बॅलन्सिंगचं जे आयएसओ १९४० स्टँडर्ड आम्ही वर्षानुवर्षं वापरलं, त्याच्या एकाच तक्त्यात पंपाचे इंपेलर 'जी ६.३' या श्रेणीत आहेत आणि गाडीची चाकं 'जी ४०' मध्ये. चाकाला सूट जास्त, एवढाच फरक. नियम तोच: फिरणाऱ्या वस्तूचं वजन एका बाजूला जास्त झालं की ती त्या बाजूला खेचते, आणि वेग दुप्पट झाला की ती खेच चौपट होते. चौदा इंची रिमच्या कडेला २० ग्रॅम जास्त असले तर ९० च्या स्पीडला तिथं जवळपास अडीच किलोची ओढ बसते, तीही सेकंदाला साधारण तेरा वेळा. आणि चाक-सस्पेन्शनची स्वतःची हलायची लयही साधारण तेवढीच असते. दोन्ही लयी जुळल्या की झोपाळ्याला बरोबर वेळेवर धक्का दिल्यासारखं होतं. वेग वाढला की लय सुटते, म्हणून १०० च्या पुढं गाडी निवांत. आमच्याकडं याला क्रिटिकल स्पीड म्हणतात. तुमचा "१०० नंतर थांबते" हा शब्दच चाकाकडं बोट दाखवतोय.

जेवण झाल्यावर मी किल्ली मागितली. दाजी शेजारी बसले, तोंड फुगवून. हायवेला ९० ला स्टिअरिंग एका बोटावर धरलं तरी शांत. पण सीट खालून थरथरत होती आणि मागच्या सीटवर आक्कानं ठेवलेल्या स्टीलच्या डब्याचं झाकण खुळखुळत होतं. १०५ ला झाकण गप्प. वेग उतरताना ८५ ला पुन्हा सुरू. स्टिअरिंग थरथरलं तर बहुतेक पुढची चाकं, सीट आणि फरशी थरथरली तर मागची. एवढी साधी गोष्ट. आणि दाजींचा सगळा खर्च पुढं! मागची चाकं कुणी उतरवलीच नव्हती, कारण दुकानदार म्हणाला होता, "मागच्याला बॅलन्सिंग लागत नाही." हे वाक्य तुम्हालाही ऐकवतील. लागतं.

दारात जॅक लावून मागचं डावं चाक काढलं. रिमच्या आतल्या बाजूला काळ्या मातीचा वीतभर लांब थर, त्यात पाचटाचे तुकडे, वाळून टणक. पाणंदीतून गाडी फडापर्यंत न्यायची, वरनं फवारा मारून धुवायची, आत कोण बघतंय. स्क्रू ड्रायव्हरनं खरवडला. थरथर निम्म्यानं कमी झाली, पण गेली नाही.

मग सांगलीत एका दुकानात मागची दोन्ही चाकं मशीनवर चढवली. पोरानं वजनं ठोकली, स्क्रीनवर दोन्ही बाजूंना शून्य. "झालं साहेब." मी म्हटलं, आता नट सैल कर, मशीनचा दांडा आहे तिथंच धर, चाक अर्धा फेरा फिरव, आवळ आणि परत पळव. मालकानं मान वर करून बघितलं. पोरानं फिरवलं आणि आतल्या बाजूला ३० ग्रॅम आले. म्हणजे चाक मशीनवर मधोमध बसलंच नव्हतं. रिमच्या मधल्या भोकाच्या कडेला गंज आणि माती, त्यात कोनही (चाक मशीनवर मधोमध बसवणारा निमुळता लोखंडी तुकडा) बरोबर मापाचा नाही. पहिलं शून्य त्या वाकड्या बसण्याचं शून्य होतं. तारेचा ब्रश मारला, कोन बदलला, वजनं काढून नव्यानं ठोकली. मग दोन्हीकडून शून्य. परत येताना डब्याचं झाकण हललं नाही.

दाजी काय म्हणाले? "माती काढली म्हणून थांबलं, वजनामुळं न्हाई." अहो, माती म्हणजे वजनच की!

असो. तुमचं. शाफ्टचा आतला (गिअरबॉक्सकडचा) जॉइंट गेला असेल तर थरथर जोर पडल्यावर येते. पुण्याहून येताना खंबाटकी चढताय, पाय दाबलाय तेव्हा थरथर, पाय उचलला की गायब, तर शाफ्टवर संशय घ्या. सपाट रस्त्यावर पाय उचलल्यावरही त्याच वेगाला थरथर राहिली तर चाकं. ९० ला चौथ्यात आणि पाचव्यात दोन्ही गिअरमध्ये सारखीच आली तर दोष इंजिनचा नाही, चाकांचा किंवा शाफ्टचा. गिअरप्रमाणं बदलली तर इंजिन माउंटिंगकडं, म्हणजे इंजिन ज्या रबरी आधारांवर बसतं तिकडं, बघा. तुमचं स्टिअरिंग थरथरतं की सीट, हे तुम्ही लिहिलंच नाही, त्यामुळं पुढं की मागं ते मला इथून सांगता येणार नाही. पुढची चाकं मागं टाकून बघा. थरथर स्टिअरिंगमधून सीटमध्ये गेली तर चोर सापडला. यात पैसे जात नाहीत, घाम जातो. चारही चाकं बॅलन्स करून घ्या आणि तो अर्धा फेरा समोर करून दाखवायला सांगा. नाही म्हणाला तर दुसरं दुकान बघा.

नायट्रोजन भरून थरथर जाते असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या.

काही गोष्टी आधीच लिहायला हव्या होत्या. फक्त ब्रेक मारल्यावर थरथरत असेल तर हे सगळं विसरा, डिस्क बघा. टायरला कुठं फुगवटा दिसला किंवा ३०-४० लाच गाडी डुलत असेल तर टायर आतून सुटलंय. अशा टायरवर वेगाची परीक्षा घेऊ नका, ते फुटतं. बॅलन्स करून काही दिवसांत थरथर परत आली तर रिम वाकलीय का बघा. खड्ड्यात एकदा जोरात आदळली तरी पुरते. स्टेपनी लावून बघायची असेल तर ती त्याच मापाची हवी. बऱ्याच नव्या गाड्यांना छोटी स्टेपनी असते आणि तिच्यावर ८० चीच मर्यादा लिहिलेली असते. आणि हंगामात ही परीक्षा दिवसाच करा, रात्री दिवे नसलेल्या ट्रॉल्या रस्त्यात असतात.

एवढं करूनही शाफ्टच निघाला तर निघाला, तसंही होतं. पण बदलण्याआधी शाफ्टच्या जॉइंटवरचं रबरी आवरण (बूट) फाटून ग्रीस उडालंय का ते स्वतः वाकून बघा. जुना शाफ्ट काढल्यावर तुमच्या हातात द्यायला सांगा आणि आतला जॉइंट धरून गोल पिळून बघा. बराच झिजला असेल तर ढिलेपणा हाताला कळतो. नाही कळला तर म्हणावं, झीज कुठं आहे ते दाखवा, नाहीतर आहे तोच परत बसवा.