येत्या शनिवार-रविवारी कोकणात ३७-३८ अंशांनाच उष्णतेच्या लाटेचा यलो अलर्ट दिलाय, मग विदर्भात ४० असूनही का नाही?

कारण नुसता आकडा पुरत नाही. हवामान खात्याचा निकष सपाट प्रदेशात ४०, किनाऱ्यावर ३७ अंश; शिवाय पारा सरासरीपेक्षा किमान ४.५ अंश वर हवा. मार्चअखेर नागपूरला चाळिशी म्हणजे नेहमीचंच, सरासरीच्या आसपास. मुंबईचं दुपारचं गणित मात्र खाऱ्या वाऱ्यावर असतं. पूर्वेचे कोरडे वारे जोरात असले की तो अकरा-बाराला यायच्या ऐवजी दोन-अडीचला येतो, आणि तोवर पारा चढून बसलेला असतो. दोरीवरचे कपडे तासाभरात कडकडीत वाळले, तर समजा वारा जमिनीवरचा आहे. अलिबागला जाणार असाल तर पहाटेच निघा. यलो अलर्ट म्हणजे बेत रद्द करा असं नव्हे, लक्ष ठेवा इतकंच.