जहाजातून आलेली घरे : जिलाँगमधील जुन्या वास्तू आणि बागा

प्रश्न : माझा मुलगा ऑस्ट्रेलियात मेलबर्नजवळच्या जिलाँग शहरात नोकरी करतो. येत्या ऑक्टोबरात आम्ही उभयता महिनाभर त्याच्याकडे जाणार आहोत. तेथे जर्मनीहून जहाजाने आणलेले लाकडी घर आहे, असे तो सांगतो. आसपास रानेच राने असताना लाकडाचे घर इतक्या लांबून कशासाठी आणले असेल? गुडघ्यांमुळे मला फार चालवत नाही. तेव्हा जुनी घरे आणि बागा यांपैकी नेमके काय पाहावे, हेही सांगावे. (एक वाचक, सातारा)

उत्तर : आपल्या चिरंजीवांचे म्हणणे खरे आहे. न्यूटाउन भागातील टेकडीवरचे ते घर म्हणजे ‘द हाइट्स’. लोकरीचे व्यापारी चार्ल्स इबॉटसन यांच्यासाठी १८५५च्या सुमारास उभे राहिलेल्या या घराच्या चौदा खोल्यांचे लाकूडसामान जर्मनीत कापून, जुळवून, सुटे करून जहाजात भरले गेले होते.

आपण विचारलेले ‘कशासाठी’ मात्र सोन्याशी निगडित आहे. १८५१ मध्ये व्हिक्टोरिया प्रांतात सोने सापडले आणि बॅलरटच्या खाणींकडे जाणाऱ्यांचे लोंढे जिलाँगच्याच धक्क्यावर उतरू लागले. शहरातले सुतार आणि गवंडीही हत्यारे टाकून त्यांच्यामागे गेले, आणि जे उरले ते मागतील ती मजुरी घेऊ लागले. लाकूड होते, पण ते कापून जोडणारा हात नव्हता; म्हणून ज्याच्या गाठीशी पैसा होता त्याने तयार घरच मागवले.

याहून नवलाची गोष्ट ‘कोरिओ व्हिला’ची. खाडीकाठचे हे घर चक्क बिडाचे आहे. स्कॉटलंडमध्ये ओतलेले त्याचे सुटे भाग १८५५ मध्ये धक्क्यावर उतरले, पण ज्याने ते मागवले होते तो तोवर मरण पावला होता. बेवारस पडलेला हा माल आल्फ्रेड डग्लस यांनी विकत घेतला. दरम्यान तिकडचा कारखाना आगीत जळून साचे नष्ट झाले होते, त्यामुळे जोडणी बरीचशी अंदाजानेच करावी लागली, असे सांगितले जाते. मुंबईत काळा घोड्याजवळ वॉटसन हॉटेलची जी इमारत आहे, तिचा लोखंडी सांगाडाही १८६०च्या दशकात असाच इंग्लंडहून सुटा आला होता. ती पाहिली असेल तर कोरिओ व्हिलासमोर आपल्याला ओळखीची खूण पटेल. घर खासगी मालकीचे असल्याने ते रस्त्यावरूनच पाहावे लागते.

बारवन नदीकाठचे ‘बारवन ग्रेंज’ मात्र विटांचे आहे आणि त्याच सुमाराचे. उतरत्या छपराच्या कडेला लाकडी झालर, समोर व्हरांडा आणि पुढे नदीपर्यंत उतरत जाणारी हिरवळ. माझ्या मते तिन्ही घरांत डोळ्यांना सर्वांत सुखावणारे हेच. ‘द हाइट्स’मध्ये १९३०च्या दशकात बरेच फेरफार झाले. म्हणून तेथे घराइतकेच लक्ष आवारातील तबेला आणि पाण्याच्या मनोऱ्याकडे द्यावे. नळ नसलेल्या काळात टेकडीवर संसार थाटणे म्हणजे काय, हे तो मनोरा दिवाणखान्यापेक्षा चांगले सांगतो. ही दोन्ही घरे नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या देखरेखीखाली असून ती रोज उघडी नसतात. जाण्यापूर्वी चौकशी करावी.

गुडघ्यांचा विचार करता एक पूर्ण सकाळ ईस्टर्न पार्कमधील वनस्पती उद्यानासाठी राखून ठेवावी. १८५१ मध्ये स्थापन झालेल्या या बागेचे पहिले प्रमुख डॅनियल बन्स यांनी १८५७ पासून येथे देशोदेशीची झाडे लावली. प्रवेशद्वारापाशी २००२ मध्ये खुला झालेला नवा भाग मुद्दाम कमी पाण्यावर जगणाऱ्या झाडांचा केला आहे. बुंध्याशी फुगून बाटलीसारखी झालेली क्वीन्सलँडची झाडे तेथे पाहाल, तेव्हा आपल्याकडच्या गोरखचिंचेची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. मागचा जुना भाग दाट सावलीचा आहे.

याच बागेत कस्टम खात्याची एक लहानशी लाकडी इमारत आहे. ती १८३०च्या दशकातली, म्हणजे सोने सापडण्याच्याही आधीची, आणि तीसुद्धा जहाजातूनच, सिडनीहून आलेली.