वाचक विचारतात : एआर की जेबीएल?

प्रश्न : आम्ही तिघे निवृत्त मित्र. जुन्या स्टिरिओचा तिघांनाही नाद. माझ्याकडे एआर (अकूस्टिक रिसर्च) या अमेरिकी कंपनीच्या एआर-३ए स्पीकरची जोडी आहे, थोरल्या भावाने अमेरिकेहून परतताना आणलेली. एका मित्राकडे जेबीएल एल-१०० आहेत. दोन्ही जोड्या माझ्या बैठकीत शेजारी शेजारी मांडून, एकाच अ‍ॅम्प्लिफायरवर, त्याच रेकॉर्ड लावून ऐकल्या. दर वेळी जेबीएलच सरस ठरतो. आवाज मोकळा, तबला अगदी समोर. माझा एआर मात्र दबलेला, पांघरुणाखालून बोलल्यासारखा. तिसरा मित्र म्हणतो, एआर विकून मोकळा हो. जाणकार तर एआरची इतकी वाखाणणी करतात. मग चुकतंय कुठे?
— एक वाचक, होटगी रोड, सोलापूर

उत्तर : विकू नका. तुमच्या कानांनी सांगितलं ते खरंच आहे. पण तुम्ही दोन डिझाइनची तुलना केली असं मला वाटत नाही. एक निरोगी आणि एक आजारी पेटी तुम्ही शेजारी मांडली, आणि वर निरोगी पेटी जास्त मोठ्याने वाजवली.

आधी मोठ्याने वाजण्याचं बघू. तेवढ्याच अ‍ॅम्प्लिफायरवर, व्हॉल्यूमची कळ तिथेच ठेवली तर जेबीएल एआरपेक्षा मोठा वाजतो. तो तसाच घडवलेला आहे. आणि माणसाच्या कानाला दोन आवाजांतला किंचित मोठा आवाज नेहमी जास्त स्पष्ट, जास्त जिवंत वाटतो. 3 डेसिबलचा फरक भरून काढायलाही अ‍ॅम्प्लिफायरला दुप्पट वॅट द्यावे लागतात, तेव्हा ‘थोडंसं वाढवलं की झालं’ असं अंदाजाने म्हणून चालत नाही. मोबाइलवर आवाज मोजणारं अ‍ॅप घ्या आणि ‘पिंक नॉइज’ची (सगळ्या सुरांचा मिळून येणाऱ्या एकसारख्या ‘शूऽऽ’ आवाजाची) फाइल वाजवा. तुम्ही बसता त्याच खुर्चीत कानाच्या उंचीवर मोबाइल धरा आणि दोन्ही जोड्यांचा आकडा अर्ध्या डेसिबलच्या आत जुळवा. मोबाइलचा आकडा स्वतः अचूक नसतो, पण दोन आकड्यांतला फरक पुरेसा भरवशाचा असतो. प्रत्येक जोडीसाठी कळ कुठे येते तिथे चिकटपट्टीची खूण करा. मग ऐका.

एक सावधगिरी. तुमच्या अ‍ॅम्प्लिफायरला ‘ए’ आणि ‘बी’ अशी दोन जोड्यांची बटणं असतील, तर दोन्ही एकदम कधीही दाबू नका. एआर-३ए 4 ओहमचा, एल-१०० 8 ओहमचा (ओहम हे रोधाचं माप; आकडा जितका कमी तितका अ‍ॅम्प्लिफायरवर भार जास्त). दोन्ही समांतर जोडले की अ‍ॅम्प्लिफायरला अवघे पावणेतीन ओहम दिसतात. जुन्या अ‍ॅम्प्लिफायरचे ट्रान्झिस्टर त्यात भाजून निघतात, आणि सोलापूरच्या मे महिन्यात तर नक्कीच.

आता आजाराचं. एआर-३एच्या पाठीमागे दोन फिरत्या कळा असतात, एक मधल्या सुरांची आणि एक वरच्या सुरांची. आत तारेचे रिओस्टॅट (रोध कमी-जास्त करणारे भाग) आहेत. इतक्या वर्षांत ते गंजतात, संपर्क तुटतो आणि मधल्या सुरांचा घुमटाकार स्पीकर किंवा ट्वीटर (वरच्या सुरांचा लहान घुमट) अर्धवट वाजतो, नाहीतर मुकाच होतो. तुम्ही लिहिलेलं ‘पांघरुणाखालून’ हे त्याचं नेमकं लक्षण. तपासणी सोपी आहे. पिंक नॉइज अगदी हळू लावा. पुठ्ठ्याची नळी (कापडाच्या ताग्याच्या आत असते तसली, चाटी गल्लीत कुठल्याही दुकानात मिळेल) एक टोक कानाशी धरून आधी मधल्या घुमटासमोर, मग लहान घुमटासमोर न्या. घुमटाला हात लावू नका. दोन्ही पेट्यांत सारखंच ऐकू आलं पाहिजे. मग पाठीमागची कळ सावकाश फिरवा. खरखर आली, किंवा एखाद्या जागी आवाज अचानक उमटला, तर रोग सापडला.

रिओस्टॅट बाहेर काढून बारीक घासून साफ करता येतात. नाहीच सुधारले तर नवे बसवतात. पेटी उघडलीच आहे तर क्रॉसओव्हरचे (खालचे, मधले, वरचे सूर ज्याच्या त्याच्या स्पीकरकडे वाटून देणाऱ्या गाळणीचे) कंडेन्सरही मोजून घ्या. जुने कंडेन्सर आतून उतरतात, त्यांची किंमत सरकते आणि अंतर्गत रोध वाढतो. ते दोन्ही पेट्यांत एकदमच बदलायचे, एका पेटीत नाही. आत काचेचा कापूस भरलेला असतो, तेव्हा हातमोजे आणि तोंडाला रुमाल हवाच. कापूस जेवढा निघाला तेवढा सगळा परत भरा.

माझ्या वडिलांचं कन्ना चौकाजवळ रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. कुठलीही पेटी आली की ते आधी वूफरचा (खर्ज वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरचा) कोन चार बोटांनी सगळीकडून सारखा दाबत आणि सोडून बघत. एआरसारख्या बंद पेटीत कोन सावकाश, जड होऊन परत आला पाहिजे. झटकन उसळला तर हवा गळते आहे. बंद पेटीचा सारा खेळच त्या हवेवर आहे. एडगर विल्चर आणि हेन्री क्लॉस यांनी 1954 साली एआर कंपनी काढली ती याच कल्पनेवर. तोवर खर्ज हवा तर कपाटाएवढी पेटी लागायची. विल्चरने वूफरची कड मुद्दाम सैल ठेवली आणि लहान बंद पेटीत कोंडलेल्या हवेकडूनच स्प्रिंगचं काम करून घेतलं. हवेची स्प्रिंग कागद-कापडाच्या स्प्रिंगपेक्षा जास्त नियमाने वागते, म्हणून खर्ज खोल आणि स्वच्छ. नंतर कंपनीने रंगमंचावर तंतुवाद्यांच्या चौकडीचे वादक बसवून, मध्येच वादन थांबवून ध्वनिमुद्रण एआर-३वरून वाजवलं आणि श्रोत्यांना फरक ओळखायला सांगितलं. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकात त्यांची एक संगीतखोली होती. तिथे काहीही विकत नसत, लोकांनी नुसतं बसून ऐकायचं. मला या माणसांबद्दल फार आदर वाटतो. तुमचा एआर-३ए 1967 साली बाजारात आला, त्याच घराण्यातला.

जेबीएल एल-१०० ची जन्मकथा वेगळी. स्टुडिओत वापरला जाणारा 4310 हा मॉनिटर घरगुती रूपात 1970 साली आला, तोच हा. ध्वनिमुद्रण करणाऱ्याला गायकाचा श्वास, तबल्याच्या चाटेची धार लगेच कळायला हवी, म्हणून मधले सूर पुढे काढलेले. त्याच्या 12 इंची वूफरला क्रॉसओव्हरची गाळणीच नाही, तो थेट अ‍ॅम्प्लिफायरला जोडलेला आहे. तुमच्या मित्राला तबला ‘समोर’ वाटतो तो यामुळे. त्यात दोष नाही, ती त्या पेटीची वृत्ती आहे. मात्र पेटीला हवेचं भोक आहे. रेकॉर्ड किंचित वाकडी असेल तर जाळी काढून बघा, वूफर वाऱ्यावर हलल्यासारखा मागे-पुढे होईल. बंद पेटीत हे पुष्कळ कमी होतं. आणखी एक, जेबीएलच्या त्या काळच्या स्पीकरांत धन-ऋण उलटं असतं. लाल टोकाला बॅटरीचं धन लावलं तर कोन आत जातो. त्यामुळे बॅटरीने तपासून कोणी ‘दुरुस्ती’ म्हणून एकाच पेटीच्या तारा उलट्या केल्या असतील, तर खर्ज नाहीसा होईल. तेवढं बघून घ्या.

राहिली खोली. तुम्ही लिहिलं नाहीत, पण होटगी रोडच्या जुन्या बंगल्यांत खाली शहाबादी फरशी आणि भिंती उघड्याच असतात. मधल्या-वरच्या सुरांना तिथे आरशासारखा परतावा मिळतो. स्पीकर आणि खुर्ची यांच्या मधल्या फरशीवर दोन जाड सोलापुरी चादरी घाला, दुमडून. टेरी टॉवेल असतील तर त्याहून बरे, त्यांचे फासे आवाज जास्त शोषतात. खर्ज मात्र चादरीने शोषला जात नाही. त्यासाठी पेट्या भिंतीपासून पुढे-मागे सरकवून बघायच्या. आणि दोन्ही जोड्या आळीपाळीने एकाच जागी ठेवून ऐका. शेजारी शेजारी मांडल्या की एक जोडी कोपऱ्याजवळ जाते आणि तिचा खर्ज फुगतो. जवळपास यंत्रमाग चालत असतील तर ते थांबल्यावर ऐका. त्या खटखटाटात तानपुऱ्याची जवारी कुठल्याच पेटीतून कळत नाही.

हे सगळं करून, पातळी जुळवून, पुन्हा बसा. माझं मत विचाराल तर ख्यालासाठी मी निरोगी एआर-३ए निवडेन, क्षणाचाही विचार न करता. भीमसेनजींचा षड्ज छातीतून येतो, नुसता गळ्यातून नाही, आणि तो छातीचा भाग एआर पूर्ण देतो. तबल्याचं एकलवादन, ढोलकी, ब्रास बँड ऐकायचा तर मी तुमच्या मित्राच्या घरी जाईन.

प्रश्न : 1980च्या दशकातल्या देशी स्टिरिओच्या पेट्या आहेत. वूफरच्या कडेचा फोम हात लावताच भुगा होतो. मेकॅनिक म्हणतो, रेक्झिन चिकटवून देतो. चालेल का?
— एक वाचिका, बाळीवेस

उत्तर : नाही. रेक्झिन जड आणि ताठ असतं. कोनाची मूळची लय बदलते आणि खर्ज जातो. फोम कुजणं हा वयाचा परिणाम आहे, ऊन आणि उष्मा ते लवकर घडवून आणतात. म्हणून पेट्या खिडकीच्या उन्हात कधी ठेवू नयेत. त्या मापाचं नवं फोमचं कडं मिळतं. कोनाचा बाहेरचा व्यास आणि लोखंडी चौकटीचा आतला व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये मोजून मागवा. चिकटवायला सावकाश सुकणारा पांढरा डिंक घ्यायला सांगा, झटपट धरणारा नको, कारण कोन मध्यावर आणायला वेळ हवा. कोन बोटांनी हलवल्यावर आत घासल्याचा आवाज आला तर कॉइल (कोनाला जोडलेलं तारेचं वेटोळं) मध्यावर नाही. डिंक ओला आहे तोवरच दुरुस्त करून घ्यायचं. दोन्ही पेट्यांचं काम एकाच वेळी करून घ्या.

प्रश्न : एलएस३/५ए या लहान स्पीकरची जोडी विकत मिळते आहे. आमचा हॉल मोठा आहे. घ्यावी का?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : मोठ्या हॉलसाठी नको. बीबीसीने ही पेटी बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाडीत, एका हाताच्या अंतरावरून ऐकण्यासाठी केली. बोलणं आणि गाणं तिच्याइतकं खरं क्वचितच ऐकू येतं, पण ती मोठी वाजत नाही, आणि खोल खर्ज तिच्यात नाही. घरात दहा बाय बाराची अभ्यासाची खोली असेल तर जरूर घ्या. त्या वेळी दोन्ही पेट्या एकाच प्रकारच्या आहेत ना ते बघा. जुनी 15 ओहमची आणि नंतरची 11 ओहमची, अशी सरमिसळ करून जोडी म्हणून विकतात. मल्टिमीटर बरोबर न्या आणि दोन्हींचा रोध मोजा. आकडे जुळले नाहीत तर सौदा करू नका.