आजीला पुन्हा बोलू दे

इंदूरच्या सुदामा नगरमधून एका आईचं पत्र आलं आहे. पत्र लांब आहे, त्यातला मुख्य भाग असा:

"ताई, माझा मुलगा पुढच्या महिन्यात पाच वर्षांचा होईल. दीड वर्षाचा होता तेव्हा दोन-चार शब्द बोलायचा, ते गेले. हाक मारली तर वळत नाही. गाड्या एका रांगेत लावतो आणि रांग मोडली की आकांत करतो. सकाळी कचरागाडी येते, तिचं गाणं अगदी सुरात पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणतो, पण मला 'आई' म्हणत नाही. पाणी हवं असलं की माझं मनगट धरून माठापाशी नेतो. डॉक्टरांनी ऑटिझम सांगितला. थेरपीच्या ठिकाणी म्हणाले, मूल गोंधळतंय, घरात एकच भाषा ठेवा, बाहेर हिंदी आहे तर हिंदीच बोला. तेव्हापासून घरात मराठी बंद आहे. सासूबाई आता त्याच्याशी बोलतच नाहीत. म्हणतात, चुकून मराठी निघेल तोंडातून आणि माझ्यामुळे पोराचं नुकसान होईल. शाळेनं सांगितलं, बोलायला लागला की आणा. नवरा म्हणतो, मीही उशिराच बोललो होतो. नात्यातल्या बायका म्हणतात, ही नोकरीच्या नादात राहिली, पोराच्या हातात मोबाइल दिला. नोकरी सोडू का? मे महिन्यात पुण्याला माझ्या धाकट्या भावाचं लग्न आहे, याला न्यावं की नाही? आणि मराठी खरंच सोडायची का?"

तुझा शेवटचा प्रश्न मी पहिला घेते, कारण त्याचं उत्तर आजच अमलात आणता येईल. नाही, मराठी सोडायची नाही. हे पत्र वाचून झालं की सासूबाईंना जवळ बसव आणि सांग, आई, तुम्ही त्याच्याशी पूर्वीसारखं बोला. बडबडगीतं म्हणा, श्लोक म्हणा, जेवू घालताना चिऊ-काऊच्या गोष्टी सांगा.

दोन भाषांमुळे ऑटिझम असलेलं मूल गोंधळतं, त्याचं बोलणं लांबतं, ही समजूत इतकी पसरली आहे की चांगले शिकलेले लोकही ती पुढे देतात. कॅनडात मॉन्ट्रियलला एका भाषेच्या आणि दोन भाषांच्या घरांत वाढणाऱ्या ऑटिस्टिक मुलांची तुलना केली गेली. तो अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन भाषा ऐकणारी मुलं मागे पडलेली दिसली नाहीत. त्यानंतरच्या अभ्यासांतूनही हेच पुढे येत गेलं आहे. इंदुरातल्या आपल्या घरांचा विचार कर. रामबाग असो, लोकमान्य नगर असो, पिढ्यानपिढ्या मुलं घरात मराठी आणि अंगणात हिंदी ऐकतच वाढली. तुझा मुलगाही तशाच घरात जन्मला आहे. एक भाषा काढून घेतल्यानं दुसरी आपोआप भरून येत नाही, उलट त्याच्या कानावर पडणारं बोलणंच कमी होतं. तुमच्याकडे तेच झालं. दिवसभर त्याच्यासोबत असणारं माणूस गप्प बसलं. थेरपिस्टच्या सांगण्यात मला खटकतं ते हेच. आठवड्यातल्या त्यांच्या दोन-तीन तासांसाठी त्यांनी आजीचे सगळे तास बंद करून टाकले. त्यांच्याशी भांडू नकोस. थेरपीत हिंदी चालू दे. घरातली भाषा आम्ही बदलणार नाही, एवढं शांतपणे सांग.

आता कचरागाडीचं गाणं. त्याबद्दल तू वैतागून लिहिलं आहेस, पण तुझ्या सगळ्या पत्रात मला आशेची जागा दिसली ती तिथेच. ऐकलेलं जसंच्या तसं म्हणणं हे या मुलांमध्ये फार आढळतं, आणि पूर्वी ते निरर्थक समजून थांबवायचा प्रयत्न व्हायचा. अनेक मुलांची भाषा अशीच येते. सुटे शब्द जोडत जाण्याऐवजी ती आधी अख्खा तुकडा उचलतात, सुरासकट, आणि त्याचे तुकडे पाडायला पुढे हळूहळू शिकतात. तो गाणं कधी म्हणतो ते लक्ष देऊन बघ. गाडी आल्यावरच म्हणतो की दुपारीही? दाराकडे बघून म्हणतो का? बाहेर जायचं असताना म्हणतो का? तसं असेल तर तो तुला सांगतोय की चल, बाहेर जाऊ. मग तू म्हण, "बाहेर जायचं. चल, बाहेर." आणि खरंच दोन मिनिटं बाहेर ने. असं रोज झालं की त्या गाण्याच्या जागी एखाद दिवशी "बाहेर" येऊ शकतं. कधी येईल हे मी किंवा कुणीही तुला सांगू शकणार नाही, आणि तारीख सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नकोस.

मनगट धरून माठापाशी नेतो हेसुद्धा बोलणंच आहे. त्या वेळी बऱ्याच आया (आणि काही थेरपिस्टही) ग्लास उंच धरून म्हणतात, "पाणी म्हण, मग देते." तसं करू नकोस. तहानलेल्या पोराची परीक्षा घ्यायची नसते. त्याच्या मनातलं वाक्य तू त्याच्या वतीनं म्हण: "पाणी हवं." मग थांब. मनात दहापर्यंत मोज, त्याला अवधी दे, आणि तो काही बोलला नाही तरी पाणी दे. हे थांबणं कठीण असतं. आपल्याला शांतता सहन होत नाही आणि आपण लगेच चार वाक्यं टाकतो. त्याला मात्र ऐकलेलं पोचायलाच तेवढा वेळ लागतो.

बोलणं येईपर्यंत चित्रं वापर. अमेरिकेत १९८५ मध्ये चित्र देऊन वस्तू मागायला शिकवण्याची एक पद्धत सुरू झाली, आज जगभर ती वापरतात. तुला महागडे कार्ड-संच नकोत. तुमचाच माठ, तुमचीच बादली, पोह्यांची बशी, ऑटो, शाळेचं फाटक यांचे फोटो काढ, छापून पुठ्ठ्यावर चिकटव. मुंबई आयआयटीत तयार झालेलं 'जेलो' हे मोफत ॲपही आहे. चित्रावर बोट ठेवलं की ते शब्द बोलतं, आणि ते मराठीतही चालतं. चित्रांची सवय लागली तर मूल बोलायचा आळस करेल, ही भीती घरात कुणीतरी बोलून दाखवेलच. तसं होत नाही. मागितलेलं मिळतं हे कळलं की मागायची ओढ वाढते. त्याच फोटोंची सकाळची रांग भिंतीवर लाव: उठणं, दात, आंघोळ, नाश्ता, बूट, बाहेर. झालेल्या कामाचा फोटो त्यानं काढून डब्यात टाकायचा. ज्याला रांगा इतक्या आवडतात त्याला दिवसाचीही रांग आवडेल. पुढे काय येणार हे डोळ्यांसमोर असलं की आकांत पुष्कळ कमी होतो, कारण बऱ्याच वेळा तो आकांत हट्टाचा नसतो, अचानक काहीतरी बदलल्याच्या भयाचा असतो.

आवाजाचंही तसंच. रंगपंचमीच्या गेरीत, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीत, किंवा अनंत चतुर्दशीच्या झांक्यांत, म्हणजे सजवलेल्या देखाव्यांच्या मिरवणुकीत, तो कान दाबून रडत असेल तर लाड करून घेतोय असं समजू नका. त्याच्या कानांना तो आवाज खरोखर बोचतो. तो दिवस घरी काढा. आणि अजून केली नसेल तर कानाची बेरा तपासणी, म्हणजे आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का हे बघणारी तपासणी, करून घे. न बोलणाऱ्या प्रत्येक मुलाची ती आधी व्हायला हवी. कधीकधी ती राहून जाते.

शाळेचं वागणं मला मुळीच पटलेलं नाही. बोलायला लागला की आणा, म्हणजे बरा झालास की दवाखान्यात ये म्हणण्यासारखं आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात एकवीस प्रकारची दिव्यांगता धरली आहे आणि ऑटिझम त्यात आहे. सरकारमान्य शाळेनं अशा मुलाला भेदभाव न करता प्रवेश द्यावा आणि त्याच्या गरजेप्रमाणे सोय करावी, असं हा कायदा सांगतो. चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगतेचं प्रमाणपत्र असेल तर सहा ते अठरा वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. म्हणून प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डाचं, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचं, काम आताच सुरू कर. काहीजणी शिक्का बसेल म्हणून ते टाळतात आणि नंतर प्रत्येक दारात हात जोडत उभ्या राहतात. जिल्हा रुग्णालयाशी जोडलेलं शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं, तिथे तपासणी आणि थेरपी सरकारी खर्चानं होते, तिथे चौकशी कर. राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेची 'निरामय' नावाची आरोग्य विमा योजना आहे, वर्षाला एक लाखापर्यंतची, आणि तिच्यात थेरपीचा खर्चही काही मर्यादेपर्यंत धरतात.

कायदा हातात असला तरी शाळा मात्र डोळ्यांनी बघून निवड. नेहमीची की विशेष, यावर मी एका शब्दात उत्तर देणार नाही. त्याला या वर्षी काय शिकायचं आहे त्यावर ते ठरतं, आणि दोन वर्षांनी निर्णय बदलता येतो. भिंतीवरच्या कार्टूनवर किंवा एसीवर जाऊ नकोस. वर्गात मुलं किती आहेत, प्रार्थनेच्या वेळी लाउडस्पीकर किती मोठा लावतात, मूल घाबरलं तर शांत बसायला एखादी जागा आहे का, बाथरूमला कोण नेतं, ते विचार. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तू बोलत असताना मुख्याध्यापिका ऐकतात की घड्याळ बघतात, ते बघ. शिक्षिकेसाठी एका कागदावर त्याच्याबद्दल लिहून दे: हाक मारण्याआधी समोर या, एका वेळी एकच सूचना द्या, डोळ्यांत बघायची सक्ती करू नका, गाणं म्हणाला तर गप्प करू नका. एक पान पुरे, दोन पानं कुणी वाचत नाही.

ही डोळ्यांत बघण्याची सक्ती कुठल्याही थेरपीत दिसली तर तिथून निघ. ऑटिझम असलेली कितीतरी माणसं मोठेपणी सांगतात की डोळ्यांत बघायला लावलं की त्यांना बोलणं ऐकूच येत नसे. मूल पूर्ण वेळ रडत असेल आणि तुला दाराबाहेर बसवत असतील, तरीही निघ. चांगला थेरपिस्ट तुला आत घेतो आणि घरी काय करायचं ते दाखवतो. आणखी एक. पूर्ण बरा करून देतो म्हणून स्टेम सेलच्या, म्हणजे मूळ पेशी टोचण्याच्या, उपचाराचे लाखो रुपये मागणारे लोक तुला गाठतील. ऑटिझमसाठी या उपचाराची शिफारस करता येत नाही, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाकडून २०२२ मध्येच स्पष्ट झालं आहे. दागिने मोडायचे नाहीत.

तुझ्या नोकरीमुळे किंवा मोबाइलमुळे हे झालेलं नाही. ऑटिझम ही मेंदूची जन्मापासूनची वेगळी घडण आहे आणि तिच्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. आईला दोष द्यायची रीत मात्र जुनी आहे. १९४३ मध्ये लिओ कॅनर या डॉक्टरांनी अकरा ऑटिस्टिक मुलांचं वर्णन केलं, आणि त्यानंतर कित्येक वर्षं मोठमोठे तज्ज्ञ सांगत राहिले की आई मायेनं थंड असली की मूल असं होतं. १९६४ मध्ये बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञानं ते मत पुराव्यानिशी खोडून काढलं. त्यांचा स्वतःचा मुलगा ऑटिस्टिक होता. तोवर किती आया मनात कुढत गेल्या असतील! तू त्यांत जाऊ नकोस. दीड वर्षाच्या सुमाराला शब्द गेले म्हणून कुणी लसीवर ठपका ठेवेल. तेही खोटं आहे. तो संशय ज्या शोधनिबंधामुळे पसरला तो १९९८ चा होता आणि नियतकालिकानं २०१० मध्ये तो मागे घेतला. मोबाइल जरूर कमी कर, कारण तो माणसांबरोबरचा वेळ खातो. पण पश्चात्ताप म्हणून नको.

नोकरी सोडू नकोस, निदान घाईत तरी नको. खर्च वाढणार आहे, आणि चोवीस तास घरात एकटी राहून तू थकशील. त्याऐवजी नवऱ्यानं आठवड्यातली एक थेरपी स्वतः न्यायची. तो आडमुठा आहे असं मला वाटत नाही, तो घाबरला आहे. मीही उशिरा बोललो, हा त्याचा आधार आहे. वाद घालून तो काढून घेऊ नकोस. त्याला म्हण, तू उशिरा बोललास हे खरं, पण याचे आलेले शब्द गेले, हाकेला तो वळत नाही, आणि वाट बघण्यात गेलेला वेळ परत येत नाही. थेरपीच्या खोलीत मुलाबरोबर बसला की तो आपसूक बघायला लागेल.

लग्नाला मुलाला न्यायचंच. कार्यालयाचे, मामाचे, होणाऱ्या मामीचे फोटो आधी मागवून त्याला रोज दाखव. बरोबर त्याच्या गाड्या, त्याची उशी, तो खातो तो खाऊ घे. कार्यालयात एक खोली फक्त त्याच्यासाठी ठेवायला भावाला सांग. जरीचे कपडे टोचत असतील तर साधा सुती सदरा चालेल, फोटोपुरतीही जबरदस्ती नको. हा बोलत नाही का, असं कुणी विचारलं तर नवऱ्यानं सांगायचं, ऑटिझम आहे, शिकतोय. त्यापुढे खुलासा द्यायची गरज नाही. सनई-चौघडा आणि मंगलाष्टकांचा माइक सुरू होण्याआधी त्याला घेऊन बाहेर पडायचं कामही नवऱ्याचंच, आणि ते इंदुरातून निघण्याआधी ठरवून ठेवा. त्या वेळी तुला करवली म्हणून भावाच्या मागे उभं राहायचं आहे.